कॅन्सरच्या औषधांमागचे सल्लागार नेमकं करतात काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅन्सरवर औषधं शोधणाऱ्या कंपन्या आपल्या 'सायंटिफिक ॲडव्हायझरी बोर्ड'वर नामवंत प्राध्यापकांची नावं झळकवतात. औषध घडण्यात या मंडळींचा खरंच काही हात असतो, की गुंतवणूकदारांवर छाप पडावी एवढ्यासाठीच ती नावं असतात? आणि मानधन कंपनीच देणार असेल, तर सल्ला निःपक्ष कसा?

आधी मी कोणत्या बाजूनं बोलतो आहे ते सांगतो. मी मूळचा कॅन्सरचे रुग्ण बघणारा डॉक्टर. पुढे औषधांच्या चाचण्या आखण्याच्या कामात शिरलो आणि गेली बरीच वर्षं कधी सल्ला द्यायला, तर कधी घ्यायला बसतो आहे. सल्लागाराचं नाव किती मोठं आहे यावर फारसं काही ठरत नाही, असं माझं मत झालं आहे. त्याला कधी बोलावलं आणि काय दाखवलं, यावर सगळं ठरतं. चाचणीचा आराखडा छापून झाल्यावर बोलावलेला नोबेलविजेतासुद्धा शोभेचाच. उलट, औषध अजून उंदरांत असताना बोलावलेला आणि कच्चे आकडे हातात मिळालेला एखादा फारसा कुणाला ठाऊक नसलेला विषशास्त्रज्ञ कंपनीची कित्येक वर्षं वाचवून जातो.

'सल्लागार' या एकाच पाटीखाली बरीच वेगवेगळी कामं चालतात आणि बाहेरून बघणाऱ्याला ती सगळी सारखीच वाटतात. कंपनीचं वैज्ञानिक सल्लागार मंडळ हे कंपनीनं नेमलेलं आणि गोपनीयतेच्या करारानं बांधलेलं असतं. औषध बाजारात यायच्या सुमाराला डॉक्टरांच्या ज्या 'ॲड बोर्ड' बैठका होतात, त्या वेगळ्या. त्यांत निम्मं विज्ञान आणि निम्मं मार्केटिंग असतं, म्हणून त्यांच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. चाचणी चालू असताना आकड्यांवर नजर ठेवणारी स्वतंत्र समिती असते. नियामकांचेही, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थांचेही, स्वतःचे सल्लागार असतात. अमेरिकेत एफडीएची 'ओडॅक' ही कॅन्सरच्या औषधांबद्दलची समिती, युरोपात ईएमएचे तज्ज्ञगट. शिवाय सरकारी संशोधन निधी कुठे वळवावा हे सुचवणारी मंडळं असतात. अमेरिकेतल्या १९७१ च्या नॅशनल कॅन्सर ॲक्टनं असं एक मंडळ कायद्यानंच बसवलं, आणि २०१६ साली 'कॅन्सर मूनशॉट' या सरकारी संशोधन मोहिमेसाठी तज्ज्ञांचं एक खास पॅनेल नेमलं गेलं. तुमचा प्रश्न मुख्यतः कंपनीच्या मंडळाबद्दल आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

कॅन्सरवरचं जे औषध माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचतं, त्याला शेवटी परवानगी मिळण्याची शक्यता ढोबळमानानं वीसात एक. बाकीची एकोणीस कुठे ना कुठे गळतात. ती गळतात याचं मला वाईट वाटत नाही, उशिरा गळतात याचं वाटतं. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे परवानगीआधीच्या मोठ्या चाचणीत, शेकडो रुग्णांनी आपल्या आयुष्यातले मोलाचे महिने देऊन झाल्यावर 'उपयोग नाही' असं कळणं, आणि तेच उत्तर उंदरांच्या टप्प्यावर कळणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चांगल्या सल्लागाराचं बरंचसं काम म्हणजे ही गळती अलीकडे ओढणं.

त्याचा पहिला प्रश्न अगदी बाळबोध वाटतो: ज्या प्रथिनावर हे औषध काम करतं म्हणता, ते प्रथिन कॅन्सरच्या पेशीला खरोखर लागतं का? तुम्ही म्हणाल, एवढं तर बघितलंच असणार. २०१२ साली, ॲमजेन या औषध कंपनीत रक्तविकार आणि कॅन्सरचं संशोधन सांभाळलेले ग्लेन बेग्ली आणि अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर रुग्णालयाचे ली एलिस यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की कॅन्सरवरची ५३ गाजलेली संशोधनं ॲमजेनमध्ये पुन्हा करून पाहिली, तेव्हा त्यांतली फक्त ६ टिकली. आदल्याच वर्षी बायर या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनीही असाच अनुभव मांडला होता. हे लबाडीचं प्रकरण नव्हे. छोटे प्रयोग, कोणत्या उंदराला काय दिलं हे माहीत असताना केलेली मोजमापं, आणि दहातला एक छान आलेला आलेख छापण्याची सवय, एवढ्यावर हा घोळ होतो.

मेल्क नावाच्या प्रथिनाचं उदाहरण मी नव्या लोकांना नेहमी सांगतो. ते प्रथिन अनेक गाठींमध्ये जास्त प्रमाणात सापडायचं. जुन्या तंत्रानं त्याचं प्रमाण कमी केलं की पेशी मरायच्या. त्याच्यावर औषध तयार झालं आणि माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या. मग २०१७ मध्ये जेसन शेल्टझर यांच्या प्रयोगशाळेनं क्रिस्पर हे जनुकं कापण्याचं तंत्र वापरून पेशींमधून मेल्कचं जनुकच काढून टाकलं. पेशी मजेत वाढत राहिल्या. त्याहून मोठी गंमत म्हणजे मेल्क नसलेल्या पेशींना ते औषध दिलं, तर त्या पूर्वीसारख्याच मेल्या. म्हणजे औषध पेशी मारत होतं, पण मेल्कमार्फत नाही. २०१९ मध्ये त्याच गटानं आणखी औषधं तपासली आणि अशी दहा औषधं दाखवली, जी आपलं ठरलेलं लक्ष्य पेशीत नसतानाही पेशींना तेवढीच मारत होती. त्यांतल्या एकाचं खरं लक्ष्य सीडीके११ हे भलतंच प्रथिन निघालं.

तुम्ही विचाराल, पेशी मरतात ना, मग कशामुळे का मरेनात? अडचण पुढे येते. लक्ष्य चुकीचं असेल तर कोणत्या रुग्णाला औषध द्यायचं याची निवड चुकते, डोस पुरेसा आहे की नाही हे मोजायची खूण चुकते, आणि दुष्परिणाम कुठून येताहेत याचा पत्ता लागत नाही. म्हणून बैठकीत मी एक प्रयोग मागतोच: लक्ष्याचं जनुक काढलेल्या पेशींवर औषध चालवून दाखवा. आणि जमलं तर दुसरा: लक्ष्यात असा एक बदल करा की औषध त्याला चिकटूच नये, आणि मग पेशी वाचतात का ते बघा. दोन्ही प्रयोग काही आठवड्यांचे आहेत. 'तो प्रयोग आमच्या यादीत आहे' असं उत्तर आलं, तर तो केलेला नाही असं समजावं.

पेशींच्या ओळखीचा घोळ हा याचाच धाकटा भाऊ. एमडीए-एमबी-४३५ नावाच्या पेशी कित्येक वर्षं स्तनाच्या कॅन्सरच्या म्हणून जगभर वापरल्या गेल्या. नंतर त्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरच्या निघाल्या. तेव्हा पेशींचा डीएनए ठसा तपासला का, हे विचारायला लाजू नये.

आता उंदीर. सादरीकरणात एक आलेख हमखास असतो: औषध न दिलेल्या उंदरांची रेघ वर चढत जाते, औषध दिलेल्यांची आडवी राहते, आणि खोलीत समाधान पसरतं. या आलेखापाशी मी बराच वेळ घालवतो. औषध सुरू केलं तेव्हा गाठ किती मोठी होती? अगदी चिमुकली असताना सुरू केलं असेल तर गाठ रुजण्यापासून रोखली, आहे ती आटवली नाही. आडवी रेघ म्हणजे गाठ थांबली, आकसली नाही. आणि दवाखान्यात रुग्णाची गाठ आकसली तरच आपण 'प्रतिसाद' म्हणतो. सगळ्यात महत्त्वाचं, उंदराच्या रक्तात औषधाची पातळी किती होती, आणि त्यातलं प्रथिनांना न चिकटलेलं, मोकळं औषध किती? माणसात ती पातळी गाठता येईल का? बऱ्याच सुंदर आलेखांचा शेवट या प्रश्नावर होतो. उंदराला चढवलेली मात्रा माणसाला द्यायची, तर गोळ्यांचा ढीग गिळावा लागेल किंवा यकृत आधी हात टेकेल, असं हिशेबात निघतं. हा हिशेब करणारे क्लिनिकल फार्माकॉलॉजिस्ट कंपनीच्या सल्लागार यादीत क्वचितच दिसतात. फोटो छापायला त्यांचं नाव पुरेसं मोठं नसतं.

डोस हा कॅन्सरच्या औषधांचा जुना दुखरा भाग आहे. केमोथेरपीच्या काळात रीत साधी होती: तीन-तीन रुग्णांच्या गटांत मात्रा वाढवत जायची, सहन होईल तिथवर, आणि तीच मात्रा पुढे न्यायची. जास्त विष म्हणजे जास्त पेशी मरणार, हे गृहीतक. नेमक्या प्रथिनावर बसणाऱ्या औषधांना ते लागू होत नाही; लक्ष्य पूर्ण झाकलं गेलं की वरच्या मात्रेनं फक्त दुष्परिणाम वाढतात. तरीही रीत चालूच राहिली. सोटोरासिबचं बघा. कॅन्सरमध्ये बिघडणाऱ्या केरास या प्रथिनातल्या जी१२सी नावाच्या बदलावर चालणारं हे पहिलं औषध. केरासला हात घालता येणार नाही असं अनेक दशकं मानलं जात होतं. २०१३ मध्ये केव्हन शोकाट यांच्या गटानं त्या प्रथिनात औषधाला बसायला खाच दाखवली, आणि २०२१ च्या मे महिन्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी औषधाला परवानगीही मिळाली. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण मात्रा होती दिवसाला ९६० मिलिग्रॅम, म्हणजे तेव्हाच्या १२० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. १८० पासून ९६० पर्यंत कोणतीही मात्रा दिली तरी रक्तातली पातळी जवळपास सारखीच राहत होती. एफडीएनं परवानगी देतानाच अट घातली की २४० मिलिग्रॅमशी तुलना करून दाखवा. त्याच वर्षी त्यांनी 'प्रोजेक्ट ऑप्टिमस' सुरू केला. तेव्हापासून कॅन्सरच्या औषधासाठी एकाहून जास्त मात्रांची तुलना आधीच करा, असा आग्रह सुरू झाला आहे. हे सांगायला नियामक लागावा, हे सल्लागारांचं अपयशच म्हणायचं.

माणसाला दिली जाणारी पहिलीवहिली मात्रा हा त्याहून नाजूक प्रश्न. २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ ही अँटिबॉडी सहा निरोगी स्वयंसेवकांना दिली गेली, आणि काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात पोचले. प्राण्यांत निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याएवढी मात्रा होती ती. पण ती अँटिबॉडी माणसाच्या टी पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना, थेट चेतवणारी होती, आणि माकडाच्या पेशी तिला माणसाच्या पेशींसारखा प्रतिसाद देतच नव्हत्या. त्यानंतर अशा औषधांची पहिली मात्रा 'किती सहन होईल' यावरून न ठरवता 'कमीत कमी कितीनं परिणाम दिसू लागेल' यावरून ठरवण्याची पद्धत रुळली. आज रोगप्रतिकारशक्ती चेतवणारी इतकी औषधं कॅन्सरसाठी येताहेत की हा धडा आमच्या क्षेत्रात सतत लागतो.

मग येतो चाचणीचा आराखडा, आणि इथे सल्लागाराचा खरा कस लागतो. सेटक्सिमॅब या औषधाची गोष्ट लोकांना शेअर घोटाळा म्हणून आठवते: इमक्लोन कंपनीचे प्रमुख सॅम वॅक्सल तुरुंगात गेले, कंपनीचे शेअर विकलेल्या टीव्हीवरच्या प्रसिद्ध मार्था स्टुअर्टही गेल्या. पण घोटाळ्याच्या मुळाशी चाचणीचा एक साधा दोष होता. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर इरिनोटेकान हे औषध निकामी ठरलेल्या रुग्णांना कंपनीनं इरिनोटेकान आणि सेटक्सिमॅब एकत्र दिलं. काही गाठी आकसल्या. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. मग आकसल्या त्या कशानं? नुसत्या सेटक्सिमॅबनं तेवढंच झालं असतं तर रुग्णाला इरिनोटेकानचा त्रास द्यायचा कशाला? २००१ च्या डिसेंबरमध्ये एफडीएनं अर्ज दाखल करून घ्यायलाच नकार दिला. पुढे युरोपात ३२९ रुग्णांची नीट चाचणी झाली. दोन्ही औषधं मिळून जवळपास २३ टक्के रुग्णांत प्रतिसाद, नुसत्या सेटक्सिमॅबनं ११ टक्के. २००४ च्या फेब्रुवारीत परवानगी मिळाली. म्हणजे औषध चांगलंच होतं! प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे दोन वर्षं गेली. 'दोन औषधं एकत्र देताय, तर कुणाचा वाटा किती हे कसं कळणार?' हे वाक्य आराखड्याच्या पहिल्या बैठकीत कुणीतरी ठणकावून म्हणायला हवं होतं.

उलट प्रकारही होतो. इनिपॅरिब हे औषध पेशीतला डीएनए दुरुस्त करणाऱ्या पार्प या एन्झाइमला रोखतं म्हणून 'ट्रिपल निगेटिव्ह' या प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये वापरलं गेलं. १२३ रुग्णांच्या दुसऱ्या टप्प्यात आयुर्मान ७.७ महिन्यांवरून १२.३ वर गेलं, आणि सगळीकडे जल्लोष झाला. ५१९ रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्यात फरक टिकला नाही. पुढे तपासलं तर हे औषध पार्पला धड रोखतच नव्हतं. इथे सल्लागाराकडे विचारायला दोन प्रश्न होते: रुग्णाच्या गाठीत पार्प खरंच थंडावतो याचा पुरावा कुठे आहे, आणि १२३ रुग्णांच्या फरकात योगायोगाचा भाग किती? आयुर्मानातला फरक दिसला की असे प्रश्न विचारणारा माणूस मांजर आडवं गेल्यासारखा वाटतो, हे मी अनुभवानं सांगतो.

एपॅकॅडोस्टॅट या औषधाचं त्याहून मोठ्या प्रमाणावर झालं. पेम्ब्रोलिझुमॅब या आधीच वापरात असलेल्या औषधाबरोबर दिल्यावर सुरुवातीच्या चाचण्यांत प्रतिसाद छान दिसला, पण तुलनेचा गट नव्हता. त्या भरवशावर मेलानोमाच्या ७०६ रुग्णांचा तिसरा टप्पा झाला आणि २०१८ मध्ये निकाल आला: नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबपेक्षा काहीही जास्त नाही. त्याच लक्ष्यावरच्या इतर कंपन्यांच्या चाचण्याही पाठोपाठ बंद पडल्या किंवा आटोपत्या घेतल्या गेल्या. सगळे एकमेकांकडे बघून धावत होते. अशा वेळी सल्लागारही त्याच क्षेत्रातले, त्याच परिषदांना जाणारे, त्याच लक्ष्यावर प्रबंध लिहिलेले असतात. त्यांच्याकडून ब्रेकची अपेक्षा कशी ठेवणार?

सुरुवातीच्या चाचण्यांचे निकाल दाखवायला एक 'वॉटरफॉल' तक्ता वापरतात. प्रत्येक रुग्णाची एक काडी; गाठ वाढली तर वर, आकसली तर खाली, आणि सगळ्या काड्या उंचीप्रमाणे लावलेल्या. धबधब्यासारखा उतरता देखणा तक्ता. त्यात एक मेख आहे: काडी लागायला उपचारानंतरचा किमान एक स्कॅन लागतो. ज्यांची तब्येत पहिल्या स्कॅनच्या आधीच ढासळली, जे दुष्परिणामांमुळे बाहेर पडले, जे दगावले, त्यांची काडीच नाही. समजा तीस रुग्ण घेतले आणि तक्त्यावर बावीस काड्या आहेत. तर गोष्ट त्या आठ जणांत आहे. शिवाय नव्या जागी गाठ उगवली तरी जुनी आकसलेली असेल, तर काडी खालीच दिसते. बैठकीत मी आधी काड्या मोजतो, मग बोलतो.

रुग्णांची निवड हा सल्लागारांनी इतिहास घडवल्याचा प्रांत आहे, म्हणून तोही सांगायला हवा. नाहीतर वाटेल की आम्ही फक्त खोडे घालतो. हर-टू जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर स्तनाचा कॅन्सर जास्त आक्रमक असतो, हे डेनिस स्लेमन यांच्या गटानं १९८७ मध्ये दाखवलं. पुढे हर-टूवर काम करणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाच्या चाचण्या फक्त त्याच रुग्णांवर झाल्या आणि १९९८ मध्ये परवानगी आली. हर-टू वाढलेले रुग्ण साधारण पाचात एक. सरसकट सगळ्यांना औषध दिलं असतं तर त्यांचा फायदा बाकी चौघांच्या सरासरीत विरघळून गेला असता, आणि औषध 'नापास' म्हणून कपाटात गेलं असतं. गेफिटिनिब या औषधाच्या बाबतीत तसं होता होता राहिलं: आधी सरसकट फुफ्फुसाच्या कॅन्सरला दिलं, मोठ्या चाचणीत आयुर्मान वाढलेलं दिसलं नाही, आणि मधल्या काळात, २००४ मध्ये, कळलं की ईजीएफआर जनुकात विशिष्ट बदल असलेल्यांनाच ते भरभरून लागू पडतं.

आणि इमॅटिनिब हे औषध. डॉक्टर ब्रायन ड्रकर, कंपनीतले निक लायडन आणि त्यांचे सहकारी यांच्या या कामाकडे मी सल्लागारीचा एक वेगळा नमुना म्हणून बघतो. ते ज्यावर होतं तो क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा तसा कमी जणांना होणारा रक्ताचा कॅन्सर, त्यामुळे कंपनीला बाजार छोटा वाटत होता. भरीला कुत्र्यांवरच्या चाचण्यांत यकृताला इजा दिसली. नुसता सावध सल्लागार तिथेच थांबला असता. पण या आजारात बीसीआर-एबीएल हे एकच बिघडलेलं प्रथिन मुळाशी आहे, याचा पुरावा १९६० मध्ये या रुग्णांत सापडलेल्या बिघडलेल्या 'फिलाडेल्फिया' गुणसूत्रापासून साठत आला होता. औषध त्या प्रथिनावर बसतं हे पेशींत स्पष्ट होतं. आणि यकृताची इजा रक्ताच्या साध्या तपासणीत लवकर कळते. म्हणजे धोका होता, पण नजरेखाली ठेवता येण्यासारखा. १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाला औषध मिळालं. ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रा मिळालेल्या ५४ पैकी ५३ जणांची रक्ततपासणी पूर्ववत झाली, आणि २००१ च्या मे महिन्यात परवानगी आली. मधल्या काळात औषध पुरेसं तयार होत नव्हतं, तेव्हा रुग्णांनीच सह्यांची मोहीम काढून कंपनीवर दबाव आणला. कोणती भीती मोजून मापून अंगावर घ्यायची, हे सांगणं 'थांबा' म्हणण्यापेक्षा अवघड आहे.

रुग्णांचा विषय निघालाच आहे तर, अलीकडे सल्लागार मंडळांवर रुग्ण प्रतिनिधी असतात, आणि सुरुवातीला मलाही ती नुसती औपचारिकता वाटायची. आमच्या मोजपट्टीत जुलाब 'ग्रेड टू' म्हणजे मध्यम. अहवालात त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. एका बैठकीत रुग्ण म्हणून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "डॉक्टर, हे मध्यम जुलाब किती दिवस?" उत्तर होतं, गोळी चालू असेतोवर, म्हणजे कदाचित दोन वर्षं. त्या म्हणाल्या, "मग मी बसनं कामावर जाऊ शकेन का?" खोलीतल्या कुणाकडेच उत्तर नव्हतं. पुढच्या आराखड्यात कमी मात्रेचा एक गट वाढवला गेला.

चाचणी चालू असतानाची देखरेख समिती ही वेगळीच जात आहे. तिच्या सदस्यांनी चाचणीत रुग्ण भरती करायचे नसतात आणि कंपनीत हितसंबंध ठेवायचे नसतात. बैठकीचा पहिला भाग कंपनीच्या लोकांसमोर होतो: भरती किती झाली, कागदपत्रं नीट येताहेत का. मग कंपनीचे लोक बाहेर जातात, दार लागतं, आणि स्वतंत्र संख्याशास्त्रज्ञ दोन्ही गटांचे आकडे वेगवेगळे मांडतो. कंपनीच्या प्रमुखालासुद्धा ते दिसत नाहीत. समिती शेवटी बहुतेक वेळा एकच वाक्य कळवते: 'चाचणी आहे तशी चालू ठेवा.' मधल्या आकड्यांत औषध सरस दिसलं म्हणून लगेच चाचणी थांबवायची नसते. वारंवार डोकावलं तर कधी ना कधी योगायोगानं फरक दिसणारच, म्हणून थांबण्याची मर्यादा आधीच कडक आखलेली असते. गुप्तता मोडली तर काय होतं याचा नमुना अल्झायमरच्या क्षेत्रात आहे: बापिन्युझुमॅब या औषधाच्या चाचणीच्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष असलेल्या प्राध्यापकानं २००८ मध्ये निकाल एका गुंतवणूक फंडाच्या माणसाला आधीच सांगितले. फंडवाला तुरुंगात गेला आणि प्राध्यापकाची आयुष्यभराची इभ्रत गेली.

नियामकांच्या सल्लागार समित्यांची मतं बंधनकारक नसतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बेव्हॅसिझुमॅब हे औषध स्तनाच्या कॅन्सरला द्यावं का, यावर २००७ च्या डिसेंबरमध्ये ओडॅकनं ५ विरुद्ध ४ मतांनी नको म्हटलं. एफडीएनं २००८ च्या फेब्रुवारीत तरीही तात्पुरती परवानगी दिली, कारण आजार पुन्हा वाढण्याआधीचा काळ साडेपाच महिन्यांनी लांबला होता. नंतरच्या चाचण्यांत तो फरक एक ते तीन महिन्यांवर आला आणि आयुर्मान वाढलेलं दिसलं नाही. २०१० मध्ये समितीनं १२ विरुद्ध १ मतांनी परवानगी काढायला सांगितलं, २०११ च्या नोव्हेंबरमध्ये ती काढली गेली. पण समितीच नेहमी बरोबर असते असंही नाही: २०१४ मध्ये ओलापॅरिब या औषधाच्या विरोधात ११ विरुद्ध २ मतं पडली, एफडीएनं सहा महिन्यांत परवानगी दिली, आणि बीआरसीए जनुकात बदल असलेल्या अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये आज ते औषध उपचाराचा कणा झालं आहे.

आता पैशांचा प्रश्न. सल्लागार मानधन घेतो यात मला काही वावगं वाटत नाही. फुकट सल्ल्याला वेळही फुकटाइतकाच मिळतो. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानं कंपन्यांना आपण डॉक्टरांना दिलेला पैसा जाहीर करावा लागतो, तसं सगळीकडे व्हायला हवं. मानधन आणि शेअर यांत मात्र मी फरक करतो. तासाप्रमाणे पैसे घेणारा 'हे औषध बंद करा' म्हणाला तरी त्याचे तास वाया जात नाहीत. शेअर असणाऱ्याचं तसं नसतं. माझ्या हिशेबात पैशापेक्षाही अवघड हितसंबंध एकच: स्वतःच्या सिद्धांताचा. ज्यानं ते लक्ष्य शोधलं, त्यावर कारकीर्द उभी केली, तोच मंडळाचा अध्यक्ष असतो. त्याच्याइतकं ते प्रथिन कुणाला कळत नाही, म्हणून तो हवाच. पण त्या लक्ष्याबद्दल मुळापासून शंका असणारा एक तरी माणूस त्याच टेबलावर असला पाहिजे, आणि त्याला बोलताना अध्यक्षांकडे बघावं लागू नये. एका कंपनीच्या मंडळात असा शंकेखोर माणूस होता. दोन बैठकांनंतर त्याला निमंत्रण गेलं नाही. पुढे त्या औषधाचं काय झालं हे सांगायला नकोच.

तर एखाद्या कंपनीची सल्लागार यादी हातात आली तर मी काय बघतो? त्यात संख्याशास्त्रज्ञ, विषशास्त्रज्ञ आणि क्लिनिकल फार्माकॉलॉजिस्ट आहे का. की सगळे एकाच लक्ष्याचे प्राध्यापक आहेत? मंडळ वर्षातून किती वेळा बसतं, आणि त्यांना बैठकीच्या आधी कच्चे आकडे मिळतात की तिथेच सजवलेल्या स्लाइड्स? मी सल्लागार व्हायला तयार झालो तर करार करण्याआधी एक कागद मागतो: कोणता निकाल आला तर हे औषध तुम्ही बंद कराल, ते आकड्यात लिहून द्या. चाचणीच्या आधी, तारखेसह. चांगल्या कंपन्या एक-दोन आठवड्यांत पाठवतात, कधी त्यावरून आपसांत भांडूनही. काही जण म्हणतात की ते निकाल आल्यावर एकत्र बसून ठरवू. तिथे मी जात नाही.